जिवंत असाल तर डोळे मिचकवा

कापूस खरेदीच्या नोंदणीचं ॲप बनवणाऱ्या कंपनीने वच्छलाबाईला फसवलं, आणि फसवताना आमच्या मंडळाचं नाव वापरलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी दह्याचं, धाग्याचं, पऱ्हाटीच्या वासाचं बोलणार आहे. तेव्हा कोणी असं समजू नये की म्हातारा दलाल हंगामाच्या आठवणीत रमला आणि मुद्दा विसरला. मी सौद्यातला माणूस आहे. मुद्दा विसरलो असतो तर या धंद्यात टिकलो नसतो.

परवा पिंपळगाव राजाच्या अलीकडे एका शेतात सीतादही होतं. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि फुटलेल्या बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा झाडांना गुंडाळतात. हे मी कधी पाहिलेलं नाही. लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. पण सीतादही मला लांबून कळतं. वाळलेल्या पानांच्या तुरट वासात मधेच दह्याचा आंबट वास येतो, आणि बडबडणाऱ्या बायका धागा तुटू नये म्हणून एकदम गप्प होतात. परवा त्या गप्प झाल्या तेव्हा मी बांधावर उभा होतो. माल पाहायला गेलो होतो. मालक म्हणवणाऱ्याने हातात बोंड दिलं. मी पाकळी उकलली, कापूस दोन चिमटीत धरून ताणला. धागा बरा होता.

मग वेचणी सुरू झाली आणि ओळीतून एक आवाज आला. "सरका वं बायांनो, माह्या हाताले झाड लागू द्या."

वच्छलाचा आवाज. शेत तिचंच. आणि त्यात ती रोजाने वेचायला आली होती.

परवापासून मला ॲप आलं तो हंगाम सोडत नाही.

बीटीला अळी लागत नाही असं सांगून बियाणं विकण्याचे दिवस मी हाताने ओळखत होतो. तेव्हाचा कापूस मुठीत धरला की मूठ फुगायची, आणि बोलणारे फुगलेले असायचे ते वेगळंच. मग गुलाबी अळी त्या बीटीतच राहायला शिकली. फूल उमलायच्या आधी मिटून घ्यायचं, बोंड वरून टणक लागायचं, आणि उकललं की आत एकेक पाकळी दगड झालेली. त्याला कवडी म्हणतात. नांदुऱ्याच्या बाजारात लोक गाडीजवळ येऊन सांगायचे, "पाह्य भाऊ, कसा पांढरा माल हाये." मी हात आत खुपसायचो, तळातून कवडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचो आणि आवाज चढवायचो. माझा आवाज लवकर चढतो. बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

अळीच्या त्याच वर्षी वच्छलाचे डोळे गेले. नवरा काविळीने आधीच गेला होता, पोरगी जळगाव जामोदला दिलेली, शेत तिच्या नावावर. फवारणीला मजूर मिळेना म्हणून पंप तिने स्वतःच्या पाठीवर घेतला. नळीचं तोंड तुंबलं तर आमच्याकडे ते तोंडाने फुंकून मोकळं करतात, सगळेच करतात. तिने फुंकायला चेहऱ्याजवळ नेलं आणि आतला दाब सुटला. दवाखान्यात पुष्कळ दिवस होती. नजर तर गेलीच, पण पापण्याही आक्रसून जागच्या जागी बसल्या. मला हे तिनेच सांगितलं. माझं बोट धरून स्वतःच्या पापणीवर ठेवलं आणि म्हणाली, "पाहा भाऊ, हे कवाड आता बंद बी होत नाई आन उघडत बी नाई."

मी तिला शेत सांभाळायला शिकवलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. ती स्वतःच शिकली. मी फक्त सौदा शिकवला.

आमच्या जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन माणसं हात पुढे करायची, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटांनी भाव ठरायचा. किती बोटं धरली, कुठून धरली, दाबली की सोडली, हे दोघांनाच कळायचं. भोवती डोळस माणसांची गर्दी असायची आणि त्यातल्या एकालाही काही दिसायचं नाही. मी लहान असताना बापाबरोबर बैलबाजारात गेलो तेव्हा हे मला कळलं आणि मी ठरवलं की आपल्याला हाच धंदा करायचा. रुमालाखाली सगळे आंधळे असतात. तिथे मी कोणाला हार गेलो नाही. पुढे बाजार समितीने उघड बोली आणली, ते बरोबरच होतं, रुमालाखाली लबाडीही फार चालायची. पण जगात एक जागा अशी होती की जिथे मला कोणी हात धरून न्यायची गरज नव्हती, आणि ती एका मळक्या कापडाएवढी होती.

मंडळाची गोष्ट इथूनच येते. नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर शकीलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या पायात लहानपणापासून जोर नाही, कुबडी घेऊन चालतो. दुकानाला उंच पायरी होती. स्वतःच्याच दुकानात चढताना तो एकदा पडला, उठला, शेजारच्या गवंड्याकडून घण आणला आणि बसल्या बसल्या पायरी फोडली. तिथे उतार केला. त्या उतारावरून पहिलं गिऱ्हाईक चाकाच्या खुर्चीत आलं, मग मी आलो, मग ऐकू न येणारा एक शिंपी आला, मग वच्छला आली. फोनमधला बोलणारा आवाज कसा चालू करायचा ते शकील शिकवायचा, आणि कुठलं ॲप आपल्या कामाचं नाही ते आम्ही त्याला सांगायचो. फोनवर बोट फिरवलं की आवाज त्या बटणाचं नाव सांगतो. बनवणाऱ्याने नाव दिलंच नसेल तर नुसतं म्हणतो, "बटण." पुन्हा बोट फिरवा, "बटण." शकील म्हणायचा, "दलालभाऊ, ये भी मुका निकला." मुकं बटण हा शब्द आमच्यात तिथूनच आला.

समोरच्या चहावाल्याने एकदा टोमणा मारला, "काय बे शकील, आंधळ्यायची चाचपणी चालू हाये का?" आम्ही तेच नाव घेतलं. चाचपणी मंडळ. बँकेत गेलो, तहसीलमध्ये गेलो, शेगावच्या एका लॉजवाल्याशी भांडून त्याच्या दारात उतार करून घेतला. भांडायचं काम माझ्याकडे होतं.

हा मजकूर मी फोनला बोलून लिहितोय. फोनला आमची बोली कळत नाही. 'पऱ्हाटी उपटली' म्हटलं तर 'पराठे उपटले' लिहितो. शकील वाचून दाखवतो आणि दुकान डोक्यावर घेतो. मी पुस्तकातल्यासारखं बोललो की मात्र फोन नीट लिहितो. म्हणून हे असं पुस्तकी उतरतंय. वच्छलाचं बोलणं मी शकीलकडून अक्षर अक्षर दुरुस्त करून घेतलं आहे. ते फोनच्या मर्जीवर सोडणार नाही.

मला सोडत नाही म्हटलं त्या हंगामात फर्मान आलं की खरेदी केंद्रावर माल न्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी पाहिजे. नोंदणी नसेल तर गाडीला नंबर नाही. अंगठा चालला तर अंगठा, नाही तर चेहरा. आता वेचणी करणाऱ्या बाईचा अंगठा कुठून चालणार? सुकलेल्या बोंडाची टोकं खिळ्यासारखी असतात. हंगामभर त्यात बोटं घालून कापूस काढला की बोटांवरच्या रेघा पुसून जातात. वच्छलाच्या बोटांवर मी बोट फिरवलं तेव्हा ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत लागली. अंगठा चालला नाही. राहिला चेहरा.

शकीलच्या दुकानात, दुपारच्या वेळी, तिने फोन तोंडासमोर धरला. आवाज म्हणाला, "चेहरा चौकटीत आणा."

"कोन्त्या चौकटीत? दाराच्या?" ती म्हणाली.

शकीलने तिचा हात सरळ केला. मग फोन शुद्ध भाषेत म्हणाला, "आपण जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी डोळे मिचकवा."

 वच्छलाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"शकील, हा कोन मेला हाये यात? विधवा बाईले डोळा माराले सांगून राह्यला?"

आम्ही सगळे इतके हसलो की चहावाला बघायला आला. ती स्वतःही हसली. आमच्याकडे डोळे मिचकवणं म्हणजे काय ते सांगायला नको. कंपनीतल्या कोणी तरी इंग्रजीतून मराठी करताना पापण्या हलवायला सांगण्याऐवजी आमच्या बाईला इशारे करायला सांगितले होते.

हसणं संपलं. तिने फोन पुन्हा उचलला. "डोळे मिचकवा." ती तशीच बसून राहिली. "पुन्हा प्रयत्न करा." तिने मान हलवली, कपाळ आक्रसलं, ओठ दाबले. पापण्या हलणार कशा? मग तिने दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी धरून वर ओढली आणि सोडली.

आवाज म्हणाला, "कृपया हात चेहऱ्यावरून काढा."

तिने हात काढला. थोड्या वेळाने फोननेच निकाल दिला. "जिवंत असल्याची खात्री झाली नाही."

"मंग मी मेली का काय भाऊ?" तिने मला विचारलं. आवाजात हसू होतं, पण खालच्या बाजूला काहीतरी कवडीसारखं टणक लागत होतं.

घरी तिचा दीर तयारच होता. ॲपमध्ये एक सोय होती, 'सहायक' नावाची. ज्याचा चेहरा चालत नाही त्याच्या जागी सहायकाने चेहरा दाखवायचा. दीर म्हणायचा, "वहिनी, माह्याच चेहऱ्यानं करून टाकू ना. आपलं तुपलं काय हाये त्यात?" ती थांबून होती. तिला ठाऊक होतं की एकदा दुसऱ्याचा चेहरा आपल्या शेतावर बसला की तो उठत नाही.

मी तिला म्हणालो, "मी बोलतो त्या कंपनीशी. तू तुझ्याच चेहऱ्याने नोंदवशील."

"तुमी बोलता तं मी दिराले नाई म्हणून सांगतो," ती म्हणाली. माझ्या शब्दावर तिने त्याला नाही सांगितलं.

कंपनीनेच मंडळाला मत विचारायला बोलावलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. आम्ही त्यांच्या दारात गेलो नव्हतो. खामगावच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर थंडगार हॉल होता. लिफ्ट नव्हती, शकील जिना चढताना घामाघूम झाला. अपंगांना बोलावलेली बैठक वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्या माणसांशी आपला सौदा आहे हे मी तिथेच समजायला हवं होतं, आणि समजलोही, पण वच्छलाचा माल घरात पडून होता.

कंपनीचा साहेब तरुण, आवाज गोड. "काका, तुमचं मत आमच्यासाठी फार मोलाचं आहे."

"मोलाचं आहे ना? मग मोल बोला."

हॉल हसला. मी म्हणालो की मागणी एकच आहे. सौद्यात मागण्या वाढवल्या की समोरचा त्यातली सगळ्यात स्वस्त उचलतो आणि मोकळा होतो, हे मला या धंद्याने शिकवलंय. "ज्याच्या पापण्या हलत नाहीत त्याला जिवंत माना. दुसरं काही तरी विचारा. आवाज घ्या, अंगठ्याऐवजी अख्खा हात घ्या, गावातल्या माणसाला विचारा. पण सहायक बसवू नका."

साहेब म्हणाला, "समजलं, काका. अगदी समजलं."

समजलं नव्हतं. मी खिशातून रुमाल काढला. "हात द्या तुमचा." त्याने दिला. मऊ हात, कीबोर्डवर वाढलेला. मी वर रुमाल टाकला आणि आत त्याची बोटं धरली. "आता इथे तुमचे डोळे काय कामाचे? माझे नाहीत, तुमचेही नाहीत. तरी आपण बोलतोय की नाही? असं करा तुमचं ॲप." त्याने हात सोडवून घेतला नाही. मला वाटलं आत गेलं. मग कॅमेऱ्याचा आवाज आला, पुष्कळदा आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवताना हसतखेळत वच्छलाचा किस्सा शकीलने सांगितला. फोन बाईला डोळा मारायला सांगतो. सगळे खूप हसले. साहेबाने तो कोणाला तरी लिहून घ्यायला लावला.

पुढचे दिवस मला आवाजांनी आठवतात. वाऱ्याने पऱ्हाटीचं पान पानावर घासायचं. गावातून केंद्राकडे गाड्या निघायच्या, त्यांच्या साखळ्या वाजायच्या, आणि वच्छलाच्या ओसरीवर गंजीतला कापूस रात्रीच्या दवाने जड व्हायचा. मी मधूनच जाऊन हात घालून बघायचो. ओलावा वाढत होता. दीर ओसरीवर बसून पानाला चुना लावायचा आणि म्हणायचा, "काय दलालभाऊ, बोलले का तुमचे साहेब?"  वच्छलाच म्हणायची, "बोलतील. भाऊ रिकाम्या हातानं कधी येत नाई."

मग फोनमध्ये नवीन ॲप आलं. शकीलने मला बोलावून घेतलं. वच्छला आधीच बसली होती, डोक्यावरून पदर सारखा करून. ॲप म्हणालं, "चेहरा चौकटीत आणा." आणि मग, स्पष्ट, सावकाश, कोणालाही राग येणार नाही अशा भाषेत म्हणालं, "आपण जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी पापण्यांची उघडझाप करा."

शब्द बदलला होता. बाकी सगळं तसंच होतं.

मी मागणी एकच ठेवली होती. किस्सा मागणी नव्हता. पण त्यांनी तो उचलला, कारण तो स्वस्त होता. सौदा माझ्या हातातून कुठे निसटला ते मला तिथे, त्या दुकानात, बसल्या जागी कळलं.  

वच्छला म्हणाली, "आता सभ्य झाला थो." आणि फोन परत दिला.

त्याच संध्याकाळी दिराने ओसरीवर बसून स्वतःच्या चेहऱ्याने नोंदणी केली. त्याने पापण्या उघडल्या, मिटल्या. फोनने लगेच त्याला जिवंत म्हटलं. चेहरा ज्याचा, नाव त्याचं. शेतकरी म्हणून दिराचं नाव लागलं. गाडी केंद्रावर गेली तेव्हा मीही शकीलला घेऊन गेलो. दाराशी शकील थबकला.

"काय झालं?"

"दलालभाऊ, आपला फोटू हाये. बॅनरवर. तुमचा हात, साहेबाचा हात, वर रुमाल."

"खाली काय लिहिलंय?"

तो हळू वाचत गेला. "चाचपणी मंडळाच्या अंध आणि अपंग बांधवांनी तपासलेले. सर्वांसाठी सुलभ."

मी हाताने दोरी शोधली आणि बॅनर ओढून खाली पाडला. पायाखाली घेतला. पहारेकरी धावत आला, कोणी तरी पोलिसांना बोलवा म्हणालं. मग मागून एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, आंधळा हाये, हात कायले लागला त्याले काय माहीत." आणि सगळे पांगले. मी ओरडून सांगत होतो की मी पाडला, हाताने पाडला, लिहून घ्या माझं नाव. कोणी लिहून घेतलं नाही. माझा गुन्हासुद्धा माझ्या नावावर चढला नाही. वच्छला गाडीजवळ उभी होती. ती म्हणाली, "चला भाऊ. आपण दोघं बी नाई इथी."

कंपनीला मी पुष्कळदा फोन केले. तो साहेब दुसरीकडे गेला होता. दुसऱ्या साहेबाने सांगितलं, "आपल्या सूचनेची दखल घेऊन बदल केला आहे. बाकीचं पुढच्या आवृत्तीत." आवृत्ती! कापूस आवृत्तीची वाट पाहत झाडावर थांबत नाही. बोंड फुटलं की वेचावं लागतं, नाही तर खाली पडतं आणि मातीचं होतं.

पुढच्या हंगामात दीर म्हणाला की पीक आपल्या नावावर दिसतं, केंद्रावरची नोंद आपली, तेव्हा पेरणी आपणच करू. भाऊबंदांनी मान डोलावली. सातबाऱ्यावर अजून तिचं नाव आहे म्हणतात, पण शेतात कोणाचा शब्द चालतो हे गावात कागदाला विचारत नाहीत. ओढाताण झाली, पोरगी येऊन भांडून गेली, वच्छला तहसीलमध्ये जाऊन बसली. तिथे नवीन यंत्र होतं. तेही चेहरा मागत होतं.

परवा सीतादहीला झाडांना धागा दिराच्या बायकोने गुंडाळला. मान मालकिणीचा असतो. वच्छला ओळीत होती. मी बांधावरून हाक मारली. ती आवाजाच्या दिशेने आली, ओटीत कापूस होता, तिने त्यातला थोडा माझ्या हातात दिला. "पाहा भाऊ, धागा कसा हाये?"

मी ताणला. "चांगला आहे."

"माह्याच जमिनीचा हाये," ती म्हणाली, आणि परत ओळीत गेली. वाळलेली पानं तिच्या पायाखाली मोडत गेली, तेवढ्यावरून मला कळत राहिलं ती कुठवर गेली ते.

आता मी विचारतो. जिवंत माणसाने पापणी हलवलीच पाहिजे हे कोणी ठरवलं? माणसाने ठरवलं असेल ना, फोन स्वतःहून ठरवत नाही. त्याला नाव असेल. तो मराठी वाचत असेल, नाही तर त्याला वाचून दाखवणारा असेल. आमचं नाव बॅनरवर घालताना त्याने आम्हाला विचारलं नाही. निदान आता विचारल्यावर बोलावं. वच्छलाबाई जिवंत आहे. मी तिच्या हाताला हात लावून आलो आहे, हात गरम होता. तिचं शेत, तिचा चेहरा, तिचं नाव कोणी परत करायचं?

चारचौघांत बोलायची लाज वाटत असेल तर रुमाल माझ्या खिशात आहे. शकीलच्या दुकानाला पायरी नाही, कोणालाही येता येतं. या, रुमालाखाली हात घाला, आणि उत्तर द्या. पण हात तुमचा स्वतःचा पाहिजे. सहायकाचा चालणार नाही.